हातावर लिहिलेली वेळ

शमीमबाईंना मी फार थोड्या वेळा हसताना पाहिलं, आणि त्या प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर स्वतःचा शर्ट फाडलेला कुणीतरी पुरुष उभा होता.

यावरून कुणाच्या मनात भलतंसलतं आलं असेल तर तो ज्याचा त्याचा दोष. बाई आमच्या उपकेंद्राच्या नर्स होत्या. आलापल्लीहून सागवानाच्या जंगलात जो रस्ता शिरतो, तो डांबर संपल्यावरही बराच वेळ चालत राहतो आणि शेवटी कंटाळून आमच्या गावात थांबतो. तिथे दोन खोल्यांचं उपकेंद्र, समोर हातपंप, मागे बाईंची राहायची खोली. मी त्याच उपकेंद्रात मलेरियाचा माणूस. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, डबक्यांत औषध टाकायचं. गावात मला मलेरियाभाऊच म्हणतात. पहिल्याच दिवशी बाईंनी कामाची वाटणी करून टाकली होती. "तू डासं पाह्य, मी बाया पाह्यते. डासं तुहं आयकत नाई, नवरे माहं आयकत नाई. दोघायची नोकरी सारखीच."

बाई राजुऱ्याच्या. वडील टेलर. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, ओढणीला दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिना, म्हणजे हात मोकळे राहावेत, आणि कानामागे कायम एक निळं बॉलपेन. पाच वेळा नमाज पढायच्या, आणि नमाज संपली की भांडण जिथे थांबवलं होतं तिथूनच पुढे सुरू करायच्या. एकदा रमजानमध्ये, रोजा असताना, त्यांनी सरपंचाला भर चौकात झापलं. मी म्हटलं, "बाई, रोज्यात राग करू नये म्हणतात ना?" तर म्हणाल्या, "हो, म्हनतेत. मी अल्लाले सांगून ठेवलं हाय, राजुऱ्यात असतानी माहा रोजा पक्का धर. इथी जेवढा होईन तेवढा."

त्यांना कशाकशाचा राग यायचा हे सांगत बसलो तर पान पुरणार नाही. खर्रा चघळत बोलणाऱ्या माणसाचा यायचा. उभा आहे पण चालत नाही अशा मोबाइल टॉवरचा यायचा. पण सगळ्यांत जास्त एका शब्दाचा यायचा. तालुक्याहून कुणी साहेब आला आणि गावकऱ्यांना 'अडाणी' म्हणाला, की बाईंचा चष्मा नाकावर खाली यायचा. "अडानी कोन जी? ज्याले सांगितलंच नाई तो, का ज्यानं सांगितलं नाई तो?" साहेब लोक हसून विषय बदलायचे. साहेब लोकांना हसून विषय बदलता येतो, त्याचाच त्यांना पगार मिळतो असं माझं मत आहे.

आता शर्टाचं. गावातल्या कुठल्याही बाईला सातवा महिना लागला की तिच्या नवऱ्याला उपकेंद्रात यायचा हुकूम सुटायचा. येताना त्यानं स्वतःचा जुना पांढरा कपडा आणायचा. शर्ट, बनियन, धोतर, काहीही. पण पांढरा, आणि धुऊन उन्हात कडक वाळवलेला. टेलरची मुलगी, कात्री भिंतीला टांगलेली, पण बाई ती देत नसत. "तू फाड. हातानं फाड. आवाज येऊ दे."

"बायकोचं जुनं लुगडं आणू का, बाई?" असं एखादा विचारायचा.

"काऊन? तिनं पोट दिलं, तू सदरा बी नाई देनार? ज्याचं लेकरू त्याचा सदरा. फाड."

मग तो लाजत, इकडेतिकडे बघत शर्ट फाडायचा. सहा तुकडे लहान, एक लांब. बाई ते उकळून, वाळवून, गाठोडं बांधून त्याच्या हातात द्यायच्या, आणि त्याला तिथेच खाली बसवून धडा द्यायच्या. त्याला, बायकोला वेगळा. मी शेजारच्या खोलीत काचपट्ट्या पुसत तो धडा इतक्यांदा ऐकला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

"आयक. दिवस भरत आले का तिचं पानी जाईन. लेकरू पोटात पान्याच्या पिशवीत राह्यते, ते पिशवी फुटते. भळकन येईन असं नाई. टिपटिप बी येते. तिले वाटन लघवी झाली. लघवी आवरली तं थांबते, हे आवरत नाई. खोकलली का येते, उठली का येते. मंग ह्या कापडाची घडी ठेवाची अन् घडीभरानं पाह्याची. साधं पान्यावानी असन, जरासं फिक्कं असन, तं घाबराचं नाई, पन घरी बी बसाचं नाई. कळा आल्या नाई तरी निंगाचं. कळाची वाट दवाखान्यात पाह्याची. हिरवं असन, काळपट असन, घान वास येत असन, लाल रक्त असन, नाई तं लेकरू हालत नसन, तं पायात चप्पल घालाले बी थांबू नोको. नववा लागला नसन अन् पानी गेलं, तरी तसंच धावाचं."

"बरं बाई."

"बरं नाई, पुढं आयक. पानी गेल्यावर कोनी आत हात घालाचा नाई. सुईनीनं नाई, अन् तू बी दूर राह्यजो. अन् कधी पान्यासंगं दोरीवानी नाळ खाली आली, तं तिले हात नाई लावाचा, आत नाई लोटाची. बाईले गुडघ्यावर उबडी कराची, डोकं खाली, ढुंगन वर, अन् तशीच्या तशी न्याची. समजलं? आता मले सांग, मी काय बोलली."

त्याला सगळं परत म्हणून दाखवावं लागायचं. चुकला की पुन्हा. एक धिप्पाड गडी, जो रानडुकराच्या मागे एकटा जायचा, तो 'नाळ' म्हणताना अडखळून रडवेला झालेला मी पाहिला आहे. तो शेवटी बरोबर बोलला तेव्हा बाई हसल्या होत्या.

आणि तो लांब तुकडा कशाला? ते सांगायला मागे जावं लागेल.

बाई आमच्याकडे येऊन दुसरं वर्ष चालू होतं. गावाच्या कडेला जैनी नावाची म्हातारी, तिचा मुलगा लालसू आणि नवी सून रासो. रासोला आठवा महिना सरत आलेला. मोहफुलांचे दिवस होते. बाया भल्या पहाटे उठून झाडाखाली बसून मोहफुलं वेचतात. गवत दवानं ओलं, फुलं ओली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. रासोला आणखी काही ओलं लागलं ते तिनं दवावर ढकललं. घरी आल्यावरही ओल थांबेना तेव्हा तिला वाटलं आपल्याला लघवी आवरत नाही, आणि ती लाजेनं गप्प बसली. दुपारी त्यात थोडं रक्त दिसलं. जैनीनं ते पाहिलं, आणि तिच्या आयुष्यात तिनं जे पाहिलं होतं त्याप्रमाणे ठरवलं: विटाळ आहे, रासोनं कुर्म्यात बसायचं.

कुर्माघर म्हणजे गावाबाहेरची छोटी झोपडी. पाळीच्या दिवसांत बायांनी तिथे राहायचं, कुणी त्यांना शिवायचं नाही, जेवण दुरून ठेवायचं. बाहेरचे लोक हे ऐकून नाक मुरडतात. मुरडोत. तालुक्याच्या दवाखान्यातली बाळंतिणींची खोली मी पाहिली आहे. तिथेही कुणी कुणाला हात लावत नाही, फक्त तिथे वर पंखा आहे.

रासो तीन दिवस त्या झोपडीत होती. तिसऱ्या दिवशी बाई फेरीला गेल्या, रासो कुठे आहे म्हणून विचारलं, आणि जैनीनं बोट दाखवलं. बाई धावल्या. मी मागोमाग. रासो तापानं फणफणलेली, पाण्याला घाण वास. पोटातलं लेकरू गेलेलं होतं. रासो वाचली, पण थोडक्यात.

मला वाटलं, आता जैनीची धडगत नाही. बाई कुर्माघराच्या उंबऱ्यावर बसल्या. म्हातारी दहा पावलांवर उभी होती. आणि बाई ओरडल्या त्या स्वतःवर. "मी हिले सहा येळा तपासलं! वजन केलं, रक्त पाह्यलं, गोळ्या देल्ल्या, सह्या घेतल्या. पानी जाते म्हंजे काय, हे येकदा बी नाई सांगितलं. माह्या कागदावर त्याचा रकाना नव्हता, म्हनून नाई सांगितलं!" रासोचं तपासणीचं कार्ड त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी दूर फेकलं.

कुर्माघर बंद करा, असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यावरून तालुक्यातल्या शहाण्या लोकांनी त्यांना बोल लावले. बाईंनी जैनीला एवढंच सांगितलं, "बसाचं तं बसा. शिवाचं नाई तं नोका शिवू. पन पोटुशी बाई कोरडी नाई राह्यली, का कुंपनावर हे लांब कापड टांगाचं. घराच्या नाई तं कुर्म्याच्या. जो कोनी रस्त्यानं जाईन, मानूस असो का बाई, त्यानं मले येऊन सांगाचं. कापडाले तं विटाळ नाई न?" जैनीनं विचार केला. पांढऱ्या कापडाबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. ती मान हलवून गेली.

तेव्हापासून आमच्या गावात कुंपणावर पांढरं कापड दिसलं की शाळेचे गुरुजी तास सोडून सायकलवर निघायचे. गुराखी गुरं सोडून धावायचा. जी गोष्ट बाया आईलासुद्धा सांगत नव्हत्या ती कुंपणावर फडफडू लागली, आणि कुणाला त्याचं काही वाटेना.

बाईंची दुसरी सवय म्हणजे हातावर लिहायचं. कापड दिसलं की बाई जायच्या, पाणी कधी गेलं ते विचारायच्या. घरात घड्याळ नसलं तरी 'गाई सुटायच्या वेळेला' असं उत्तर मिळायचं, आणि आमच्या गावात गाई घड्याळापेक्षा नेमक्या सुटतात. मग कानामागचं पेन काढून तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, ती वेळ लिहायच्या. खाली अँब्युलन्सला फोन केल्याची वेळ. त्याखाली गाडी आल्याची. मी म्हटलं, "बाई, चिठ्ठी द्या ना, सरकारी कागद आहे."

"कागद हरवते," बाई म्हणाल्या. "हात हरवत नाई."

तालुक्याला एकदा आमचं प्रशिक्षण होतं. मोठा हॉल, समोर पडदा, सगळ्यांना समोसे. पडद्यावर एक फिल्म दाखवली. चकचकीत स्वयंपाकघर, त्यात एक गोरीपान बाई. तिचं पाणी एकदम फरशीवर सांडतं, नवरा गाडीची किल्ली घेऊन धावतो. दिवे लागले, साहेब म्हणाले, "तर हे असं होतं." शमीमबाई उठल्या. मी त्यांच्या ओढणीचं टोक ओढलं, पण पिना पक्क्या होत्या.

"साहेब, ह्या बाईच्या घरी फरशी हाय म्हनून पानी दिसलं. आमच्या बाया धानाच्या रोवन्याले घोट्याएवढ्या पान्यात उभ्या राह्यतेत. त्यायले कसं दिसन? अन् हिच्या घरी गाडी हाय. आमची गाडी तुमच्या बंगल्यासमोर उभी हाय, मी आत्ताच येतानी पाह्यली."

हॉलमध्ये हशा पिकला. पंधरा दिवसांनी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. बाईंनी तिची कोरी पाठ पाहिली, कागद चांगला जाड आहे म्हणाल्या, आणि त्यावर हळद, पाल्याचा रस, काजळ आणि कुंकवानं पाण्याचे रंग रंगवून ती उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवली. कोणता रंग दिसला की काय करायचं, हे बाया तिच्यावर बोट ठेवून सांगायच्या. सरकारी नोटिशीचा जनतेला इतका उपयोग झालेला मी दुसरा पाहिला नाही.

आता सुनीचं सांगायला हवं. ते टाळून बाईंबद्दल लिहिता आलं असतं तर मी टाळलं असतं.

सुनी नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. पहिलटकरीण, आठवा महिना. श्रावणातली सकाळ. तिचा नवरा तिला घेऊन, नाल्यातून कमरेएवढ्या पाण्यातून, उपकेंद्रात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कापड, कोरडं ठेवलेलं. त्यानं ते बाईंसमोर उघडलं. "पांढरंच हाय बाई. वास नाई. गाई सुटाच्या वक्ताले गेलं. लेकरू हालून राह्यलं. कोनी हात नाई लावला." एकही शब्द चुकला नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हसल्या. मग सुनीच्या हातावर लिहिलं: पाणी ७.३०.

रेंजसाठी आमच्याकडे टेकडीवर जावं लागतं. मी मोटारसायकलवर गेलो, फोन केला. गाडी निघाली म्हणाले. बाईंनी लिहिलं: फोन ८.१०. दहा वाजता पुन्हा टेकडीवर गेलो, निघाली म्हणाले. बारा वाजता गेलो. तेव्हा तिकडच्या माणसाला माझी कीव आली असावी, त्यानं खरं सांगितलं. कुणी मोठे पाहुणे आरोग्य शिबिराचं उद्घाटन करायला येणार होते, आणि मांडवाशेजारी अँब्युलन्स उभी दिसली पाहिजे असा आदेश होता. पाहुणे यायचे होते. गाडी शोभेला उभी होती.

दिवसाची एकच एस्टी सकाळीच सुटून गेलेली. गावात दुसरं वाहन म्हणजे माझी मोटारसायकल आणि एक ट्रॅक्टर, तो चिखलात रुतलेला. साडेबाराला सुनीचं कापड लाल झालं. बाईंनी जे करता येतं ते सगळं केलं. सलाइन लावलं, डाव्या कुशीवर निजवलं, पायाखाली उशा दिल्या. मग बाज उचलून आम्ही चौघं रस्त्यानं चालू लागलो, गाडी येईल तिला वाटेत गाठू म्हणून. बाई एका हातानं सलाइन उंच धरून चालत होत्या. गाडी भेटली तेव्हा बाईंनी लिहिलं: २.४०. सुनी दवाखाना दिसायच्या आधी गेली. लेकरूही गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फॉर्म भरला, त्यात लिहिलं: नातेवाइकांनी रुग्णास आणण्यास उशीर केला. मग त्यांची नजर सुनीच्या हातावर गेली. नर्सला म्हणाले, "ते पुसून घ्या." नर्सनं स्पिरिटचा बोळा घेतला. शमीमबाईंनी सुनीचा हात दोन्ही हातांत धरला.

"खबरदार. हा कागद हाय तिचा."

"बाई, मेलेल्या माणसाच्या हातावर काय लिहिलंय त्याला काही अर्थ नाही."

"मंग पुसता काऊन?"

सुनीचा नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या अंगावर धड्याच्या दिवशी फाडलेलाच शर्ट होता, दोन्ही बाह्या नसलेला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. उशीर केला तो यानं, असं कागदावर लिहून झालं होतं.

आठवड्यानं चौकशी आली. उपकेंद्रात टेबल मांडलं. जबाब टाइप करूनच आणला होता, आम्ही फक्त खाली सही करायची. त्यात पुन्हा तेच वाक्य. बाईंनी वाचला, घडी केली आणि परत दिला. "ह्यात तिच्या हातावरच्या तिन्ही वेळा लिवा, मी आत्ता सही करते." ते काही लिहिणार नव्हते. मग कागद माझ्यापुढे आला.

मी सही केली.

घरी दोन मुली होत्या, नोकरी पक्की व्हायची होती, साहेबांचा आवाज गोड होता. कारणं पुष्कळ आहेत आणि एकही कामाचं नाही. टेकडीवर फोन मी केला होता. बाजेचा एक खुरा माझ्या खांद्यावर होता. तरी सुनीच्या नवऱ्यानं उशीर केला, यावर माझी सही आहे. ती आजही कुठल्यातरी फायलीत आहे.

बाई मला शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या जगावर ओरडणारी ती बाई मला एक शब्द बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागली. "काचपट्ट्या तुम्ही ठेवल्या काय?" "तुम्ही जाऊन या." मलेरियाभाऊ म्हणणंही बंद झालं.

बाईंची बदली झाली. मूल नावाच्या तालुक्यात कुठेतरी, 'प्रशासकीय कारणास्तव'. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. चार्ज घ्यायला माणूस नव्हता म्हणून किल्ल्या माझ्याकडेच दिल्या. जायच्या सकाळी मी त्यांची लोखंडी पेटी एस्टीच्या लाल गाडीत चढवली. बाई खिडकीशी बसल्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. कानामागे पेन नव्हतं. इतक्या वर्षांत तो कान मी पहिल्यांदाच मोकळा पाहत होतो.

गाडी सुटली आणि दोनशे पावलांवर करकचून थांबली. आतून बाईंचा आवाज. मी धावलो.

कुर्माघराच्या कुंपणावर पांढरं कापड होतं, आणि त्याच्यापुढे रस्त्याच्या मध्ये, दोन्ही हात वर करून, जैनी उभी होती. "एर! एर!" ती ओरडत होती. इथल्या माडिया बोलीत एर म्हणजे पाणी. आत रासो होती. पहिलं लेकरू गेल्यावर तीन वर्षांनी दिवस राहिलेले, आणि आता भरलेले.

बाई उतरल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमची ड्युटी तं संपली न इथची?"

"पान्याले ऑर्डर नाई भेटली," बाई म्हणाल्या आणि झोपडीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात घडी होती. ती त्यांनी थेट ड्रायव्हरच्या नाकासमोर धरली. घडीवर हिरवट डाग होता. "रंग पाह्य. पाह्यला? आता मधात एक बी स्टॉप घ्याचा नाई."

ड्रायव्हरनं कापडाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि दार उघडून शेवटचं लांब बाक रिकामं करायला स्वतःच उठला.

"जैने, धर तिले."

जैनी जागेवरच उभी राहिली. कुर्म्यातल्या बाईला धरायचं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. म्हातारी पुढे झाली, सुनेच्या काखेत हात घातला, आणि दोघींनी मिळून रासोला पायऱ्या चढवल्या. लालसू गाठोडं घेऊन मागून धावत आला.

बाईंनी कानामागे हात नेला. तिथे काही नव्हतं. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"पेन दे."

मी खिशातलं पेन दिलं. ज्यानं सही केली होती तेच. माझ्याकडे एकच आहे.

"पानी सव्वासातले गेलं म्हनते. आता किती झाले?"

मी घड्याळ पाहिलं. "सात चाळीस."

"नीट पाह्य."

"सात चाळीस, बाई."

त्यांनी रासोच्या हातावर दोन्ही वेळा लिहिल्या. मग खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट पकडलं, ओढलं, आणि माझ्या हातावरही लिहिल्या. पेनाचं टोक चांगलं रुतलं. पेन परत दिलं नाही.

गाडी निघाली. मला बाई शेवटच्या दिसल्या त्या अशा: खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर, एका हातात कुंपणावरचं ते लांब कापड, ते त्या समोरच्यांनी बाजूला व्हावं म्हणून फडकवत होत्या. पुढे बांबूनं भरलेला एक ट्रक आडवा होता. त्याच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्याचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. ट्रक बाजूला झाला. मग वळणावर धूळ तेवढी राहिली.

दुपार कशी गेली ते सांगत नाही. संध्याकाळी टेकडीवर चढलो, रेंज आली, आणि लगेच फोन वाजला. तालुक्याचे साहेब होते.

"तुमच्याकडची एक बाई आली आहे, एस्टीतून. तुम्ही असं करा, नातेवाइकांनी उशीर केला म्हणून एक रिपोर्ट लिहून ठेवा."

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. पण लिहून ठेवा. उद्या काही झालं तर आपल्या हाताशी असावं."

मी बाही वर केली. घामानं शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होती.

"लिहून ठेवलं आहे, साहेब," मी म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या.